संस्थेचाही एक सातबारा असतो

आमच्या खटाव तालुक्यातल्या गावात एक अभ्यासिका आहे. मारुतीच्या देवळामागं पत्र्याच्या दोन खोल्या, आठ टेबलं, आणि पोलीस भरतीची नाहीतर तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणारी वीस-पंचवीस पोरं-पोरी. ती चालवणारी संस्था १९९४ साली नोंदलेली. काही वर्षांपूर्वी पत्रे बदलायला गावानं वर्गणी काढली, पुण्या-मुंबईच्या गावकऱ्यांनीही पैसे पाठवले. सगळे संस्थेच्या खात्यात जमा झाले आणि तिथंच अडकले. खात्यावर जुन्या अध्यक्षांची आणि खजिनदारांची सही चालायची. खजिनदार वारले, आणि बँकेनं सांगितलं, "शेड्यूल वनचा उतारा आणा. त्यावर ज्यांची नावं असतील त्यांच्याच सह्या घेऊ."

साताऱ्याच्या धर्मादाय कार्यालयातून त्याची, म्हणजे तिथल्या वहीतल्या संस्थेच्या नोंदीच्या पानाची, नक्कल काढली. विश्वस्तांची सात नावं. चौघं वारलेले, एक अंथरुणाला खिळलेले, एक लेकाकडं मुंबईला कायमचे गेलेले, आणि सातवे आमचे गुरुजी, ऐंशीच्या पुढचे. गेली पंधरा वर्षं खोल्या झाडण्यापासून वीजबिल भरण्यापर्यंत सगळं करणाऱ्या एकाचंही नाव त्या कागदावर नव्हतं. पत्रे बदलायला दोन पावसाळे गेले. त्या दोन वर्षांत मी फाइल घेऊन जे हेलपाटे घातले, त्यात जे समजलं ते इथं लिहितोय. संस्था काढायला निघालेल्यांसाठी आणि त्याहून जास्त, जुनी संस्था अंगावर पडलेल्यांसाठी.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. सातारा-सांगलीत "संस्था काढतोय" म्हटलं की पुढचा माणूस विचारतो, "पतसंस्था काढताय व्हय?" आणि "सोसायटी" म्हटलं की गावात सगळ्यांना विकास सोसायटीच आठवते. त्या सहकारी संस्था. त्यांचा कायदा १९६० चा, त्यांचे अधिकारी म्हणजे सहकार खात्याचे निबंधक, आणि तिथं सभासदाला लाभांश मिळू शकतो. आपण बोलतोय ती धर्मादाय संस्था. तिथं सभासदाला एक रुपयाही नफा वाटता येत नाही. वाचनालय, शाळा, व्यायामशाळा, दवाखाना, पाण्यासाठी काम करणारं मंडळ, हे सगळं यात बसतं.

अशा संस्थेला महाराष्ट्रात दोन कायदे लागतात आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. पहिला संस्था नोंदणी अधिनियम, १८६०. दुसरा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०, ज्याला २०१२ पर्यंत मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम म्हणत. १८६० चा कायदा संस्थेला जन्म देतो, १९५० चा कायदा तिच्या पैशावर आणि मालमत्तेवर लक्ष ठेवतो. पहिल्या कायद्याखाली नोंदणी झाली की नंबर मिळतो, प्रमाणपत्र मिळतं, आणि पुष्कळ जण पेढे वाटून मोकळे होतात. पण धर्मादाय हेतूनं नोंदलेली संस्था १९५० च्या कायद्याच्या व्याख्येत आपोआप "सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था" ठरते. म्हणून तीन महिन्यांच्या आत कलम १८ खाली दुसरा अर्ज करावाच लागतो. मग चौकशी होते, आदेश होतो, आणि संस्था नोंदवहीत चढते. तो "एफ" अक्षरानं सुरू होणारा नंबर. दोन्ही कामं एकाच कार्यालयात चालतात, म्हणून लोकांना ती एकच वाटतात. तुमच्याकडं एकच प्रमाणपत्र असेल तर आजच तपासा की दुसरं झालंय का.

त्या नोंदवहीतलं पान म्हणजेच परिशिष्ट एक, ज्याला सगळे शेड्यूल वन म्हणतात. संस्थेचं नाव, पत्ता, उद्देश, विश्वस्तांची नावं, पुढचे विश्वस्त कसे येणार त्याची पद्धत, जंगम आणि स्थावर मालमत्ता, सगळं त्यावर असतं. मी गावात समजावताना म्हणतो, हा संस्थेचा सातबारा. आज्याच्या नावावरचा सातबारा वारसनोंद न लावता तसाच ठेवला की नातवाला कर्ज मिळत नाही, वाटणी होत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. संस्थेचं अगदी तसंच.

नोंदणी कधी करावी, यावर माझं मत थोडं वेगळं आहे. काम सुरू करायला नोंदणी लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी सुरू केली आणि तिची रीतसर नोंदणी झाली १९३५ साली. मधली सोळा वर्षं काम चाललंच होतं. आधी वर्ष-दोन वर्षं एकत्र काम करा, कोण टिकतं ते दिसू दे, मग त्यांची नावं कागदावर घाला. मात्र लोकांचे पैसे, जमीन किंवा अनुदान आलं की थांबू नका. २०१९ च्या पुरात सांगलीकडं किती तरी तरुणांनी मदत गोळा केली, आणि ती स्वतःच्या खात्यावर. हेतू सोन्यासारखा, पण पुढं "ते पैसे कुठं गेले" असं कुणी विचारलं की दाखवायला काही नसतं. नोंदणी नसताना तात्पुरती वर्गणी गोळा करायचीच असेल, तर १९५० च्याच कायद्याच्या कलम ४१ क ची वाट आहे. गणेश मंडळं धर्मादाय कार्यालयातून वर्गणीची परवानगी घेतात ती याच कलमाखाली. पुरासाठी, दुष्काळासाठी वर्गणी काढणाऱ्यांनीही त्याच वाटेनं जावं.

नोंदणीसाठी किमान सात माणसं लागतात. एकाच घरातली सात घालू नका. भांडण लागलं तर घरासकट संस्था फुटते, आणि बाहेरचा देणगीदारही दोनदा विचार करतो. कागदांची जंत्री फार मोठी नाही: संस्थेचं नाव आणि उद्देश सांगणारं विधानपत्र, नियमावली, मंडळाच्या सदस्यांची नाव-पत्ता-धंद्यासह यादी, प्रत्येकाचं संमतीपत्र, अर्ज करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र, आणि कार्यालयाच्या जागेचा पुरावा, म्हणजे घरपट्टी पावती किंवा वीजबिल आणि जागामालकाचा ना हरकत दाखला. नावं दोन-तीन ठरवून जा, कारण तेच किंवा त्याच्यासारखं नाव आधी कुणी घेतलेलं असू शकतं. "अखिल भारतीय", "शासकीय" असा आव आणणारं नाव टाळा. मारुतीच्या देवळामागच्या अभ्यासिकेला ते शोभतही नाही.

नियमावली उतरवून काढू नका

सगळ्यात मोठी चूक इथं होते. शेजारच्या गावच्या संस्थेची नियमावली आणायची, नाव बदलायचं आणि टाइप करून द्यायची. आमच्या संस्थेचंही तेच झालं होतं. नियमावलीत "विभागीय शाखा समित्या" होत्या. आम्हाला शाखा कसल्या, धड दुसरा पंखा नव्हता.

नियमावली म्हणजे भांडणाच्या दिवशी उघडायची वही. म्हणून ती लिहिताना भांडणाचाच विचार करा. सभासद कोण होऊ शकतं, त्याला मंजुरी कोण देणार, सभासद कधी कमी होतो? सभेची नोटीस किती दिवस आधी आणि कशी द्यायची, हातबटवड्यानं की टपालानं, व्हॉट्सॲप चालेल का? गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान माणसं, किती? सचिवानं सभाच बोलावली नाही तर ती बोलवायचा अधिकार कुणाला? मंडळाची मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही, तर जुनं मंडळ कारभार बघणार का? मधेच जागा रिकामी झाली तर कोण भरणार? या प्रश्नांची उत्तरं नियमावलीत असली तर अर्धी भांडणं ओसरीवरच मिटतात. नसली तर ती साताऱ्याला किंवा सांगलीला तारखांवर जातात.

वर्गणीचा एक मुद्दा फार कमी लोकांना माहीत आहे. १८६० च्या कायद्याचं कलम १५ म्हणतं की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि त्याला सभासद म्हणून मोजताही येत नाही. वर्षाला पन्नास रुपये असतात, म्हणून कुणी मागत नाही, कुणी देत नाही, पावतीपुस्तक कपाटात पडून राहतं. मग निवडणुकीत एक गट हरतो आणि वकील हाच मुद्दा काढतो. पन्नास रुपयांची पावती फाडा, सभासद रजिस्टरला नोंद करा, आणि दरवर्षी करा.

मुदत पाच वर्षांची ठेवावी असं मी सुचवीन. तीन वर्षांची मुदत लोकशाहीला बरी वाटते, पण दर निवडणुकीमागं एक बदल अर्ज येतो, आणि लहान संस्थांचा जीव त्यातच जातो.

बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट

शेड्यूल वनवर लिहिलेलं काहीही बदललं की नव्वद दिवसांत १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली कळवावं लागतं. विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवा आला, पत्ता बदलला, जागा विकत घेतली, सगळ्याला बदल अर्ज. सातबाऱ्याचा फेरफार तसा हा. सोबत सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, इतिवृत्ताची नक्कल, येणाऱ्यांची संमती, जाणाऱ्यांची ना हरकत, मृत्यू झाला असेल तर दाखला, असे कागद लागतात. उशीर झाला तर उशीर माफ करण्याचा अर्ज वेगळा, आणि त्यासाठी खर्चाची रक्कम भरायला सांगू शकतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नावांचा बदल पंधरा कामकाजी दिवसांत तात्पुरता मंजूर करून, मग तीस दिवसांत हरकती मागवायची तरतूद आली. कुणी हरकत घेतलीच, तर ते प्रकरण दाव्यासारखं चालतं: नोटिसा, म्हणणं, पुरावा, उलटतपासणी.

आमच्या संस्थेत १९९४ नंतर एकही बदल अर्ज गेला नव्हता. निवडणुका मात्र झाल्या होत्या: १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९. म्हणजे पाच अर्ज, आणि ते क्रमानं. मधली कडी सोडून शेवटची जोडता येत नाही, कारण २०१९ चं मंडळ निवडणारे सभासद वैध होते की नाही हे आधीच्या नोंदींवरून ठरतं. गुरुजींनी ट्रंकेतून इतिवृत्ताची वही काढून दिली. लाल कापडी पुठ्ठा, कडा वाळवीनं खाल्लेल्या, आणि आत त्यांचंच वळणदार अक्षर. ती वही नसती तर आमच्या हाती काहीच नव्हतं. पण २००९ च्या सभेच्या हजेरीत एक नाव असं निघालं की तो माणूस सभेच्या पाच महिने आधी वारला होता. कुणी लबाडी केली नव्हती. मागच्या सभेची हजेरी बघून नावं उतरवली आणि सह्या नंतर घ्यायच्या म्हणून राहून गेल्या. पण कागद वाचणाऱ्याला हे कसं कळणार? गुरुजींना त्या वयात प्रतिज्ञापत्र करून सगळं सांगावं लागलं. नोटरीसमोर सही करताना त्यांचा हात थरथरत होता आणि मला फार वाईट वाटलं. हजेरी सभेतच घ्या. जो समोर बसलाय त्याचीच सही, त्याच वेळी, त्याच वहीत.

इथंच दुसरा एक गैरसमज सांगतो. १८६० च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणं दरवर्षी वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत मंडळाची यादी संस्था निबंधकाकडं (सहकार खात्याच्या नव्हे, धर्मादाय कार्यालयातल्या) द्यायची असते. "आम्ही यादी देतो की," म्हणून किती तरी संस्था निर्धास्त असतात. यादी दिली म्हणजे बदल अर्ज झाला असं नाही. दोन कायदे, दोन कामं. आणि कागदावरचे सगळेच विश्वस्त गेले असतील, अर्ज करायलाच कुणी उरलं नसेल, तर १९५० च्या कायद्याच्या कलम ४७ खाली नवे विश्वस्त नेमण्यासाठी संस्थेशी हितसंबंध असलेल्या लोकांना धर्मादाय आयुक्तांकडं अर्ज करता येतो. ती वाट लांबची आहे, पण संस्था मेली असं समजू नका.

दरवर्षीचं

वर्षाचं काम मात्र, खरं सांगायचं तर, एका मळणीएवढंही नाही. ३१ मार्चला हिशेब बंद करायचे. सनदी लेखापालाकडून सहा महिन्यांच्या आत तपासून घ्यायचे. ताळेबंद परिशिष्ट आठमध्ये, जमाखर्च परिशिष्ट नऊमध्ये, आणि ते धर्मादाय कार्यालयाकडं ऑनलाइन दाखल करायचे. "यंदा व्यवहारच नाही" म्हणून वर्ष सोडू नका. शून्याचाही हिशेब द्यायचा असतो. शासनमान्य वाचनालयाचं अनुदान मागायला गेलं, कुठल्या कंपनीकडं मदत मागायला गेलं, की पहिल्यांदा मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब मागतात. प्रत्येक खर्चाला व्हाउचर, प्रत्येक देणगीला पावती, आणि टेबल-खुर्चीपासून कपाटापर्यंत सगळ्याची मालमत्ता नोंदवही.

पैसा ठेवायचा कुठं, हे आपल्या भागात जरा जोर देऊन सांगायला हवं. १९५० च्या कायद्याच्या कलम ३५ प्रमाणं संस्थेचा शिल्लक पैसा शेड्यूल्ड बँकेत, पोस्टात, शासनानं मान्य केलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवायचा. पतसंस्था त्या यादीत नाही. व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळतं आणि चेअरमन ओळखीचे असतात, म्हणून देवस्थानांची आणि मंडळांची ठेव पतसंस्थेत गेल्याचं मी स्वतः पाहिलंय. पतसंस्था बुडाली की विश्वस्तांवरच प्रश्न येतो: कायद्यानं नको सांगितलेल्या ठिकाणी ठेवलीच का?

जमिनीचंही तसंच. "दोन गुंठे संस्थेला दिले," असं कुणी सभेत जाहीर केलं, टाळ्या झाल्या, म्हणून जागा संस्थेची होत नाही. दुय्यम निबंधकाकडं नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं, आणि मग बदल अर्जानं ती जागा शेड्यूल वनवर चढवावी लागते. शेतजमीन असेल तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. संस्था शेतकरी नसते, त्यामुळं आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. आणि एकदा स्थावर मालमत्ता संस्थेच्या नावावर आली की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता, बदलता, बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून आणि बाकी जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानंही देता येत नाही. हे १९५० च्या कायद्याचं कलम ३६. कर्ज काढण्यावरही बंधनं आहेत. लोकांना हा जाच वाटतो. पण माळावरच्या जमिनींना आता जे भाव आलेत ते बघता, हे कलम नसतं तर किती शाळांची मैदानं उरली असती, असं मनात येतं.

आयकराचं थोडक्यात. धर्मादाय नोंदणी झाली म्हणजे कर माफ झाला, असं नसतं. संस्थेचं पॅन काढायचं आणि आयकर खात्याकडं वेगळी नोंदणी घ्यायची. ज्याला सगळे बारा-ए आणि ऐंशी-जी म्हणतात ती हीच. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाल्यानं कलमांचे आकडे बदललेत, लोकांच्या तोंडी मात्र जुनेच आहेत. पहिलीमुळं संस्थेच्या उत्पन्नाला सूट मिळते, पण त्यातले ८५ टक्के उद्देशासाठी खर्च व्हायला हवेत, नाहीतर रीतसर कळवून पुढच्या कामासाठी राखून ठेवावे लागतात. दुसरीमुळं देणगीदाराला त्याच्या करात सवलत मिळते, पण जुन्या करपद्धतीत असला तरच. या नोंदण्या कायमच्या नसतात. नव्या संस्थेला आधी तात्पुरती मिळते, मग नियमित, आणि तिचंही नूतनीकरण असतं. तारीख चुकली की सूट गेली.

विटा-आटपाडीकडं आणि आमच्या खटाव-माणमध्येही गावाच्या कामाला परराज्यात सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे आपले गलाई व्यावसायिक मोठ्या मनानं हात देतात. त्यांना सवलतीची पावती हवी असेल तर दोन हजारांपुढची रक्कम रोख घेऊ नका, त्यावर सवलत मिळत नाही. नाव, पत्ता, पॅन लिहून घ्या. नाव नसलेल्या देणगीवर ठराविक मर्यादेपुढं ३० टक्के कर लागतो.

गावचा पोरगा दुबईत असेल, तर? त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पण त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याची देणगी विदेशी ठरते, आणि २०१० च्या विदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी लागते आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं लागतं. लहान संस्थेनं प्रेमानं नको म्हणावं हे बरं.

राहिला शेवटचा प्रश्न, जो आमच्या सभेत एका मुलीनं विचारला: उद्या पोरं यायची थांबली आणि संस्था बंद करायची वेळ आली तर? १८६० च्या कायद्यात त्याचीही सोय आहे. त्यासाठी बोलावलेल्या सभेत तीन पंचमांश सभासदांनी ठराव करायचा, देणी फेडायची, आणि उरलेलं सभासदांनी वाटून घ्यायचं नाही. ते दुसऱ्या संस्थेला जातं. म्हणजे आमची आठ टेबलं, गुरुजींनी दिलेलं कपाट आणि नवे पत्रे यातलं काहीही कुणाच्या घरी जाणार नाही. ते दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या वाचनालयात जाईल, आणि तिथल्या नोंदवहीत चढेल.